इंदूताईंची ऊबदार पेटी

रेडिओ दुरुस्त करून मागचं झाकण बसवलं की एखादा स्क्रू हातात उरतोच. रेडिओ तर छान वाजत असतो, मग तो कुठला होता हे कोण शोधत बसणार? तो जातो डब्यात. पुरुभाऊंच्या दुकानात अशा स्क्रूंनी बिस्किटांचा एक डबा काठोकाठ भरला होता. किस्स्यांचंही तसंच! काम झालं, पेटी चालली, आणि आमच्या हातात हे एवढे किस्से उरले. टाकवत नाहीत, म्हणून सांगतो.

मी तेव्हा वर्ध्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवायचो. शाळा सुटली की सायकल थेट पुरुभाऊंच्या दुकानापुढे. पुरुभाऊ लढाईच्या काळात लष्करात वायरलेसवर होते. परत आल्यावर त्यांनी रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं, दुकानामागेच घर. आमच्यातले तिसरे दौलतराव. राहायला नालवाडीला, नोकरी स्टेशनात तारबाबूची. ड्यूटी संपली की तेही यायचे. मग चहा, गावभरच्या गप्पा, आणि आमच्यामध्ये पोट उघडून पडलेला कोणाचा तरी रेडिओ.

एकदा दिवाळी उलटल्यावर इंदूताई दुकानात आल्या. गावातल्या एका प्रसूतिगृहात त्या नर्स होत्या. माहेर देवळीचं, बोलणं एकदम रोखठोक.

"पुरुभाऊ, मले एक पेटी पाह्यजे. थंड झाली का आपोआप गरम व्हावी, आन् गरम झाली का आपोआप थांबावी."

पुरुभाऊ म्हणाले, "ताई, एवढं शहाणं तं या दुकानात माणूसबी नाई!"

आम्ही हसलो. इंदूताई हसल्या नाहीत. त्यांनी सांगितलं, दिवस भरायच्या आत जन्मलेल्या पोरांना स्वतःची ऊब धरता येत नाही. थंडीत त्यांना कापसात गुंडाळून भोवती गरम पाण्याच्या बाटल्या ठेवायच्या. बाटल्या निवल्या की पुन्हा भरायच्या. मागच्या पौषात दोन बाया एकदमच अडल्या. इंदूताई एकीजवळ होत्या, आणि इकडे बाटल्या निवल्या. "मी परत आली तं..." एवढं बोलून त्या थांबल्या.

दुकानात रेडिओवर गाणं चालू होतं. पुरुभाऊंनी हात लांब करून ते बंद केलं.

"केवढी पाह्यजे पेटी?" त्यांनी विचारलं.

*

पहिली युक्ती माझी. पितळेची एक पट्टी, लोखंडाची एक पट्टी, दोन्ही पाठीला पाठ लावून रिबिटांनी पक्क्या जोडायच्या. तापलं की पितळ जास्त वाढतं, लोखंड कमी. त्यामुळे जोडपट्टी वाकते. वाकली की विजेच्या तारेपासून सुटते आणि पेटीतले दिवे विझतात. निवली की सरळ होते, तारेला टेकते, दिवे पेटतात. त्या दिव्यांचीच ऊब.

पुरुभाऊंना हे फार आवडलं. म्हणाले, "समजलं! एका घरातल्या दोन जावा. घर सोडत नाईत, पण तोंड फिरवतात!"

पेटी तयार झाली. आता आत काय ठेवायचं? दौलतरावांच्या आईने खुडूक कोंबडीखालची अंडी काढून दिली. बिचारी कोंबडी चोच मारायला धावली, पण विज्ञानापुढे तिचं काही चाललं नाही.

रात्री सगळं ठाकठीक बघून आम्ही घरी गेलो. सकाळी येऊन पाहतो तर पेटीला हात लावता येईना! पट्टी आणि तार जिथे टेकत होत्या तिथे ठिणग्या उडून उडून दोन्ही एकमेकींना चिकटल्या होत्या. पट्टी वाकायला धडपडत होती, पण सुटायला वाट नव्हती. दिवे रात्रभर जळत होते.

तेवढ्यात दौलतरावांची आई कौतुकाने नालवाडीहून चालत आली. "काय रे, निघाली का पिल्लं?"

दौलतराव म्हणाले, "नाई माय. शिजली."

म्हातारीने एक अंडं हातात घेऊन पाहिलं आणि म्हणाली, "मंग मीठ लावून खा. मास्तरलेबी दे!"

आम्हाला वाटलं, इंदूताईंना हे कळलं की त्या पुन्हा दुकानाची पायरी चढणार नाहीत. त्या आल्या, अंड्यांकडे पाहिलं, स्टुलावर बसल्या आणि मोठा श्वास सोडला.

"बरं झालं! अंड्यावर गेलं. आता पुन्हा करा."

*

पट्टीला दिव्यांचा एवढा करंट झेपत नाही, हे कळलं. मग नवा बेत ठरला. पट्टीने फक्त इशारा द्यायचा. तो इशारा रेडिओतला व्हॉल्व्ह, म्हणजे ती काचेची नळी, घेऊन मोठा करणार. व्हॉल्व्ह तो रिलेला देणार. रिले म्हणजे तारयंत्रातला चुंबकाचा खटका, दौलतरावांनी भंगारातून आणलेला. आणि तो खटका दिवे लावणार, विझवणार. पट्टीतून करंट जाणार नावापुरता, ठिणगी पडायचं कारणच नाही.

पुरुभाऊ म्हणाले, "हे तं सरकारी काम झालं! चपराशी बाबूले सांगन, बाबू साहेबाले सांगन, मंग साहेब बटन दाबन!"

आता हे सगळं बसवायचं कशावर? चांगली फळी मिळेना. पुरुभाऊ घरात गेले आणि वत्सलावहिनींचा सागवानी पोळपाट घेऊन आले. गोल, गुळगुळीत, आणि तीन पाय असल्यामुळे खालून तारा न्यायला ऐसपैस जागा! व्हॉल्व्ह मधोमध बसला, रिले काठाला, बाकीचं सामान भोवती. इतकं देखणं सर्किट मी पुन्हा पाहिलं नाही. वहिनी तेवढे दिवस उपड्या परातीवर पोळ्या लाटत होत्या.

पण ते सर्किट लहरी निघालं. दुपारी शहाण्यासारखं चाले, सकाळी दव पडलं असलं की बिघडे. पट्टी सुटलेली असली तरी दिवे विझायचे नाहीत. करंट कुठल्या तरी चोरवाटेने जात होता. व्हॉल्व्ह बदलला, तारा बदलल्या, माझी सगळी पुस्तकं उघडून झाली. काही उपयोग नाही.

एका सकाळी पुरुभाऊंनी प्लग काढला, सर्किट उचललं, त्याच्याकडे रोखून पाहिलं, आणि आम्ही "अहो, अहो!" म्हणेपर्यंत पोळपाट जिभेने चाटला.

"मास्तर," ते म्हणाले, "सर्किट खारट आहे!"

आतून वहिनींचा आवाज आला, "खारट काऊन नाई राहीन? लगन झाल्यापासून कणकेत मीठ घालून राह्यली मी!"

झालं! वर्षानुवर्षांचं मीठ लाकडात मुरलेलं. दव पडलं की ते ओलं होई आणि सगळा पोळपाटच तार बनून जाई. आम्ही एका मोडक्या रेडिओतली बॅकेलाइटची, म्हणजे कडक प्लास्टिकची, पाटी काढली, भोकं पाडली आणि सगळं सामान तिच्यावर नेलं. दव पडो, धुकं पडो, पाटीला काही पत्ता नाही! हुश्श झालं.

पोळपाट वहिनींना परत दिला. त्यांनी तो उजेडात धरला. सगळीकडे भोकंच भोकं.

"आता याच्यावर पोळी लाटू का शेव पाडू?"

*

तरी एक खोड राहिलीच. पेटी हवी तेवढी गरम झाली की रिले थरथरायला लागे. लाव-विझव, लाव-विझव, टकटकटकटक! दिवे डोळे मिचकावत राहत.

दौलतराव बाकावर डोळे मिटून बसले होते. मला वाटलं, ड्यूटीने दमलेत. अचानक म्हणाले, "मास्तर, हा बोलून राह्यला."

"कोण?"

"रिले. तारेच्या भाषेत एक टिंब म्हणजे इंग्रजी 'ई'. हा नुसता ई-ई-ई-ई करून राह्यला. भेला आहे तो. पह्यल्या दिवशी तारेवर बसवलं तं माहा हातबी असाच थरथरत होता."

"मग तुमचं कसं थांबलं?"

"एका म्हाताऱ्या बाबूनं माह्या पाठीवर हात ठेवला आन् म्हणाला, घाई नको करू. गाडी आपल्यासाठी थांबते."

पुरुभाऊंनी एक कंडेन्सर उचलला आणि रिलेच्या वेटोळ्यावर आडवा जोडला. कंडेन्सर थोडा करंट स्वतःजवळ साठवतो आणि सावकाश सोडतो, त्यामुळे रिलेला दर झटक्याला उडी मारता येत नाही. प्लग लावला. आम्ही कान देऊन उभे राहिलो.

टक्. मग कितीतरी वेळ शांतता. मग पुन्हा एकदाच, टक्.

दौलतराव हसले. "आता कसा सीनियर माणसासारखा बोलला!"

*

पेटी प्रसूतिगृहात न्यायच्या दिवशी पुरुभाऊंनी नारळ आणला. तिघांत वयाने मोठे दौलतराव, म्हणून नारळ त्यांच्यापुढे धरला. "फोडा दौलतराव, तुमच्या हातानं होऊ द्या."

दौलतरावांनी आदल्याच दसऱ्याला नागपूरला जाऊन घरच्या सगळ्यांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. आम्हाला ते ठाऊक होतं, पण पुरुभाऊंच्या ते ध्यानातच राहिलं नाही. हात पुढे करून बसले, आणि मग आठवलं! चेहरा एवढासा झाला. मी भिंतीकडे पाहू लागलो.

दौलतराव शांतपणे म्हणाले, "पुरुभाऊ, मी आता नारळ फोडत नाई."

मग नारळावर बोटाने टकटक केली.

"खोबरं खातो!"

पुरुभाऊंनी स्वतः नारळ फोडला आणि सगळ्यात मोठी वाटी कोणाला दिली, ते सांगायला नको.

*

प्रसूतिगृहाचे डॉक्टर पुण्याकडचे. स्वभावाने कडक. त्यांनी पेटीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "बाळाला शॉक बसला तर?"

मी सांगितलं. दिवे खालच्या कप्प्यात, मध्ये पत्रा, पत्र्याला जमिनीत पुरलेली तार. बाळापर्यंत फक्त गरम हवा जाते. पेटीच्या दुहेरी भिंतींच्या मध्ये कापूस ठासलेला, म्हणजे ऊब बाहेर पळत नाही. डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ठीक आहे. पहिल्यांदा माझा हात जाईल."

बाही वर सारून त्यांनी बाजूच्या भोकातून खांद्यापर्यंत हात आत घातला आणि खुर्चीत बसले. दुसऱ्या हातात घड्याळ. आम्ही तिघे परीक्षेला बसलेल्या पोरांसारखे उभे. रिले वाजला. दिवे लागले. रिले वाजला. दिवे विझले. डॉक्टर काही बोलेनात. पुरुभाऊ माझ्या कानात कुजबुजले, "मास्तर, यायले करंट तं नाई लागला?"

इंदूताई पुढे वाकल्या आणि ओठांवर बोट ठेवलं. डॉक्टरांना गाढ झोप लागली होती!

"उठवू नका," त्या हळूच म्हणाल्या. "कालपासून पाठ टेकली नाई त्यायनं."

बऱ्याच वेळाने डॉक्टर जागे झाले. आम्हाला पाहून सावरून बसले. "मी विचार करत होतो."

"हो, हो," आम्ही म्हणालो.

त्यांनी हात बाहेर काढला, गालाला लावून पाहिला, आणि पहिल्यांदाच हसले. "सिस्टर, पहिला पेशंट मी झालो. दुसरा आला की ठेवा."

*

दुसरा पेशंट आला आंजी मोठी या गावाहून, बैलगाडीत. सीताराम आणि त्याची बायको कौसल्या. मुलगी वेळेच्या फार आधी जन्मली, डॉक्टरांच्या तळहातात मावेल एवढी. कौसल्याला सडकून ताप. तिच्याजवळ बाळ द्यायची सोय नव्हती. इंदूताईंनी मुलीला पेटीत ठेवलं, आणि कापसाच्या बोळ्याने थेंब थेंब दूध पाजायला लागल्या.

सीताराम पेटीसमोरून हलेना. वरच्या काचेतून मुलीकडे पाही, खालच्या फटीतून दिव्यांकडे पाही. आम्ही रोज संध्याकाळी तपासायला जायचो. एकदा त्याने पुरुभाऊंना विचारलं, "भाऊ, हे सारं रेडिओचंच सामान म्हणता न?"

"हो."

"मंग पोरीले एखांदं गाणं लावून द्या न. एकटी पडून राह्यली ते."

दुसरं कोणी असतं तर पुरुभाऊ खो-खो हसले असते. पण त्यांनी गंभीरपणे पेटीवर हात ठेवला.

"सीतारामभाऊ, हिच्यात एकच स्टेशन लागते. वर्धेचा उन्हाळा!"

सीताराम हसला. ती मुलगी आल्यापासून तो पहिल्यांदा हसला होता. मग त्याने स्वतःच काचेला तोंड लावून हळू आवाजात काहीतरी गुणगुणायला सुरुवात केली. आम्ही व्हरांड्यात जाऊन उभे राहिलो.

*

आणि एका संध्याकाळी लाइट गेली! सगळं गाव काळं. पौषातली कडाक्याची थंडी. पुरुभाऊंनी सायकल काढली आणि गेले वीजघराकडे, फाटकापासूनच ओरडत. "लहान लेकरू आहे पेटीत! कोणं बंद केली लाइट?"

आतला माणूस कंदील घेऊन बाहेर आला. त्यानेच हे मला नंतर सांगितलं. तो म्हणाला, "पुरुभाऊ, मी बंद नाई केली. ते गेली!"

इकडे इंदूताईंनी जुन्या बाटल्या भरून पेटीत ठेवल्या. मी कंदिलाच्या उजेडात थर्मामीटरवर डोळे लावून बसलो. आता पडेल, आता पडेल! पण पारा जागचा हलायलाच तयार नव्हता. भिंतीतल्या कापसाने ऊब आतच धरून ठेवली होती. मी सीतारामला म्हटलं, "हा कापूस वाचवतोय बघ तुझ्या मुलीला."

एवढा वेळ भिंतीला टेकून बसलेला तो गडी ताठ झाला. "आमच्याच वावरातला असन!"

लाइट आली. रिले वाजला, दिवे लागले, सगळ्यांचे खांदे खाली आले. थोड्या वेळाने धापा टाकत पुरुभाऊ पोचले.

"पाह्यलं? मी चिल्लावलो तवाच आली!"

*

माघ सरत आला होता. भर दुपारी प्रसूतिगृहातली आया पळत दुकानात आली. "लवकर चला! पेटीतले दिवे लागूनच नाई राह्यले. सकायपासून!"

पुरुभाऊंनी पेचकस आणि जादा व्हॉल्व्ह खिशात कोंबला. दुकान उघडं टाकून आम्ही सायकली हाणल्या. वाटेत स्टेशनावर दौलतरावांना हाक मारली, ते तसेच गणवेशात आले. माझ्या डोळ्यांसमोर दुसरं काही येत नव्हतं, इंदूताईंचं ते अर्धं राहिलेलं वाक्यच येत होतं.

खोलीत डॉक्टर उभे, सीताराम कोपऱ्यात. कौसल्याचा ताप उतरला होता, ती चौकट धरून दारात उभी होती. एवढे दिवस तिने मुलीला फक्त काचेतूनच पाहिलं होतं. पेटीखालची फट काळोखी. दिवे बंद.

पुरुभाऊंनी मागचं झाकण उघडलं. व्हॉल्व्ह तांबूस पेटलेला. तारा जागच्या जागी. त्यांनी ओल्या फडक्याचं टोक पट्टीला लावलं. पट्टी निवली, टक् झालं, आणि दिवे लख्ख लागले! फडकं काढलं. थोड्या वेळाने पुन्हा टक्. दिवे विझले.

मी थर्मामीटर पाहिला. पारा बरोबर जिथे हवा तिथेच.

पुरुभाऊंचा चेहरा रडवेला झाला. "मास्तर, सारंच तं बराबर आहे. मंग हे दिवे काऊन लागत नाईत?"

मी डॉक्टरांकडे पाहिलं. ते इंदूताईंकडे पाहत होते.

इंदूताईंनी पेटीचं झाकण उचललं. मुलीचं पाऊल दोन बोटांत धरलं आणि बराच वेळ तसंच धरून ठेवलं. मग हसून म्हणाल्या, "पुरुभाऊ, हात लावा."

पुरुभाऊंनी हात पायजम्याला पुसला, पुन्हा पुसला, आणि एका बोटाने त्या तळपायाला स्पर्श केला. चटका बसल्यासारखं बोट मागे घेतलं.

"मास्तर! ही तं स्वतःच गरम हून राह्यली!"

दारातून कौसल्या म्हणाली, "मंग माही पोरगी मले द्या न आता!"